रेजेक्स १०१ : लॉगमधल्या क्वेरी वेचताना
जुन्या लॉगमधून (प्रोग्रामच्या नोंदींच्या फाइलमधून) सिलेक्ट क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे माहिती मागणाऱ्या आज्ञा, वेगळ्या काढायच्या होत्या. रेजेक्स (मजकुरात शोधायचा साचा) तपासून बघायच्या रेजेक्स १०१ या साइटवर लॉगचा तुकडा चिकटवला आणि सिलेक्टपुढे .* (कुठलीही, कितीही अक्षरं) लिहून शेवटी अर्धविराम दिला. क्वेरी अनेक ओळींच्या, म्हणून डॉटला नवी ओळही चालेल असा फ्लॅग (पर्याय) लावला. बघतो तर पहिल्या सिलेक्टपासून पार शेवटच्या अर्धविरामापर्यंत सगळं एकाच रंगात! उजवीकडच्या खुलाशात ‘ग्रीडी’ (जमेल तितकं जास्त पकडणारा) वाचलं आणि ट्यूब पेटली. .*? (कमीत कमी पकडणारा) केल्याबरोबर क्वेरी सुट्या झाल्या. पुढे एका पत्त्यात, कोटच्या आतच, अर्धविराम निघाला आणि क्वेरी तिथेच तुटली. त्यात साइटचा काय दोष? तिथे क्वेरीची रचना समजून वाचणारा प्रोग्राम, म्हणजे पार्सरच हवा. (नेस्टेड, म्हणजे क्वेरीच्या पोटातल्या क्वेरीचं तर नावच काढू नका.) फुकटात इतकं नीट समजावणारा मास्तर मला कॉलेजातही भेटला नव्हता. फक्त गिऱ्हाइकांची खरी नावं-नंबर तिथे चिकटवू नका. मी आधी बदलून घेतले.