वायकॅन्थ: भुंगेऱ्याचं विष, मोजूनमापून

मोलस्कम या विषाणूजन्य त्वचारोगाच्या पुळ्यांवर लावायच्या वायकॅन्थमध्ये नवं आहे ते औषध नव्हे, तर ते लावायची नळी. आतलं कॅन्थॅरिडिन पिएर रोबिकेने १८१० साली ब्लिस्टर बीटल भुंगेऱ्यांपासून वेगळं केलं होतं आणि त्वचारोगतज्ज्ञ ते कित्येक दशकं वापरत आले आहेत. अडचण बाटलीची होती. बनवून घेतलेल्या द्रावणाची बाटली उघडझाप होताना त्यातलं अॅसिटोन हे द्रावक उडून जातं आणि उरलेलं द्रावण तीव्र होत जातं. मग सुरुवातीला बारीक फोड आणणारा थेंब बाटली संपत आली की भलामोठा फोड उठवतो.

वायकॅन्थला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने जुलै २०२३ मध्ये मंजुरी दिली, ती प्रौढ आणि २ वर्षं व त्यावरील मुलांच्या मोलस्कमसाठी. नळीच्या आत काचेची सीलबंद कुपी असते. तीत ०.७ टक्क्यांचं सुमारे ०.४५ मिलिलिटर द्रावण, म्हणजे ३.२ मिलिग्रॅमच्या आसपास कॅन्थॅरिडिन. एकदा फोडली की त्याच रुग्णासाठी त्याच वेळी वापरायची, उरलेलं टाकून द्यायचं. एका भेटीत जास्तीत जास्त २ नळ्या. ही मर्यादा उगाच नाही: पोटात गेलेल्या अवघ्या १० मिलिग्रॅम कॅन्थॅरिडिननेही माणसं दगावल्याची नोंद आहे.

इतकं जहाल रसायन भुंगेरा बनवतो कशाला, हे कळलं की औषधाचा स्वभावही कळतो. प्रौढ भुंगेऱ्यांमध्ये ते तयार करतो फक्त नर. डिवचला की पायांच्या सांध्यांतून कॅन्थॅरिडिनयुक्त रक्ताचे थेंब सोडतो, आणि समागमात शुक्राणूंच्या पुडीबरोबर त्याचा मोठा साठा मादीला देतो. मादी ते अंड्यांपर्यंत पोचवते, त्यामुळे अंडी खाणारे कीटक त्यांच्यापासून लांब राहतात. निओपायरोक्रोआ या दुसऱ्याच कुळातल्या भुंगेऱ्याला हे रसायन बनवता येत नाही. त्याचा नर ते बाहेरून मिळवतो आणि मादी त्याच्या डोक्यावरच्या खाचेतला स्राव चाखूनच त्याला जवळ येऊ देते. कीटकशास्त्रज्ञ थॉमस आयस्नर यांच्या चमूचं हे काम अप्रतिम आहे. एकच रेणू इथे शस्त्र, आहेर आणि नराच्या पात्रतेचा पुरावा ठरतो.

त्वचेवर हा रेणू काय करतो? तो स्निग्धात विरघळणारा असल्याने वरच्या थरात सहज मुरतो, प्रोटीन फॉस्फेटेज ही पेशींतली एन्झाइम्स रोखतो, आणि त्यातून पेशींना एकमेकींशी जखडणारे डेस्मोसोम सुटत जातात. फोड बाह्यत्वचेच्या आतच उठतो, खालच्या थराला धक्का लागत नाही. म्हणून सहसा व्रण उरत नाही. लावताना दुखत नाही, हा लहान मुलांच्या बाबतीत पुळ्या खरवडण्यापेक्षा आणि गोठवण्यापेक्षा फार मोठा फायदा. पण फोड येतो साधारण २४ ते ४८ तासांत, घरी गेल्यावर. पालकांना हे आधी सांगितलं नाही तर ते घाबरतात.

लावण्याची रीत साधी, पण काटेकोर. कुपी फोडून नळीच्या टोकाने फक्त पुळीवर पातळ थर द्यायचा, भोवतालच्या निरोगी कातडीवर नाही. जांभळा रंग मिसळलेला असल्याने कुठे लागलं ते स्पष्ट दिसतं, आणि ही सोय खरोखर उपयोगी आहे. ५ मिनिटांपर्यंत सुकू द्यायचं. ओलं असताना दोन अंगं एकमेकांना टेकली तर नको तिथे फोड येतो. वर पट्टी नको, मलम नको. २४ तासांनी साबण-पाण्याने धुवायचं. कळ असह्य झाली किंवा मोठा फोड उठला तर त्याआधीच. द्रावण ज्वालाग्राही आहे, सुकल्यावरसुद्धा आगीपासून दूरच राहायचं. मुलांनी चाटू नये म्हणून त्यात कडू पदार्थ घातला आहे, पण त्या भरवशावर हातापायाची बोटं तोंडात जाऊ देऊ नयेत. डोळे, तोंड आणि इतर ओल्या त्वचेजवळ हे लावायचंच नाही.

दोन मुख्य चाचण्यांत दर २१ दिवसांनी, जास्तीत जास्त ४ वेळा औषध लावलं. ८४व्या दिवशी सगळ्या पुळ्या गेलेले रुग्ण होते ४६ आणि ५४ टक्के. औषधाविना नुसतं द्रावण लावलेल्यांत १८ आणि १३. फरक ठसठशीत आहे, तरी निम्म्याच्या आसपास लोकांच्या काही पुळ्या उरल्याच. खाज, लाली, खपली हे जवळपास ठरलेलंच. खरी तक्रार रंगाची: सावळ्या त्वचेवर काळसर किंवा फिके डाग पडून बराच काळ टिकू शकतात.

दवाखान्यातच, प्रशिक्षित हातांनी लावण्याचं हे औषध आहे. घरी न्यायला मिळत नाही, आणि ते योग्यच. ‘स्पॅनिश फ्लाय’ या जुन्या, कामोत्तेजक म्हणून विकल्या गेलेल्या पुडीतही हेच कॅन्थॅरिडिन असतं. ते मूत्रमार्ग भाजतं, त्या दाहालाच लोक उत्तेजना समजतात, आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

पुढच्या भेटीत एक पाहावं: लाल होऊन सुजलेली पुळी बऱ्याचदा शरीराने स्वतःच लढाई सुरू केल्याची खूण असते. संसर्गाची लक्षणं नसतील तर तिच्यावर पुन्हा औषध न लावता ती तशीच सोडावी, आणि उरलेल्या शांत पुळ्यांकडे वळावं.