आठ महिने, एक रूफटॉप टेंट आणि मोजायचे सोडून दिलेले ओरखडे

गाडी कॅम्पिंगसाठी तयार करून आठ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. मीही तेच केलं जे बहुतेक सगळे करतात, आधी सामान घेतलं आणि वजनाचा विचार नंतर. टपावर उघडून झोपायचा टेंट साधारण 60 किलोचा, खाली कॅरियर, बाजूला ऑनिंग म्हणजे ओढून काढायचं कापडी छत, आणि पहिल्याच आडव्या उतारावर गाडी अशी कलली की बायको म्हणाली मी उतरते, तू घे पुढे. टपावर वजन टाकलं की गाडीचा तोल जातो हे वाचलेलं असतं हो, पण पोटात गोळा येईपर्यंत कळत नाही. मॅन्युअलमध्ये टपाची जी मर्यादा असते ती चालत्या गाडीची, टेंट तिच्यात बसला पाहिजे. उभ्या गाडीवर झोपणाऱ्या माणसांचं वजन त्यात धरायचं नसतं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं फ्रिजने. रात्री दोनला बंद पडायचा आणि बॅटरी बघावी तर भरलेली. मी फ्रिजला शिव्या घालतोय आणि दोष निघाला वायरचा! डिकीतल्या 12 व्होल्टच्या सॉकेटची वायर बारीक, कंप्रेसर सुरू झाला की व्होल्टेज पडायचं आणि फ्रिजला वाटायचं बॅटरी संपली. मग जाड वायर थेट ओढली, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज टाकला, विषय संपला. आता 100 अँपिअर-अवरची वेगळी लिथियम बॅटरी आहे, म्हणजे जवळपास 1280 वॉट-अवर, दीड-दोन दिवस गाडी हलवली नाही तरी चालतं.

हौसेने बनवलेले प्लायवूडचे ड्रॉवर तिसऱ्या महिन्यात काढले. जड आणि दिवसभर खडखड. दोन प्लास्टिकच्या पेट्या आणि पट्टे, बास.

आता ओरखड्यांचं. पहिला काटेरी झुडपातून जाताना आला, काचेवर नख ओढल्यासारखा आवाज, मी उतरून बोटाला थुंकी लावून घासत बसलो होतो, हसू येतं आता. मग एकदा दाराखालचं साइड स्टेप, म्हणजे चढायची पायरी, दगडावर बसलं, वर वाकलं आणि दार अर्धंच उघडायला लागलं. ते काढून चासीला रॉक स्लायडर, म्हणजे दाराखालचे मजबूत धातूचे दांडे, लावले, दिसतात ओबडधोबड पण गाडीचं वजन झेलतात. आता माझा हिशोब सोपा आहे, ओरखड्यात नख अडकत नसेल तर तिकडे बघायचं नाही, पत्रा उघडा पडला असेल तर त्याच आठवड्यात प्राइमर आणि टच-अप, नाहीतर गंज धरतो.

टायरच्या बाबतीत मात्र मन मोठं करून उपयोग नाही. ट्रेडमधलं, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागातलं भोक प्लगने बंद होतं, साइडवॉल म्हणजे टायरची बाजू फाटली की स्पेअर काढा. वाळूत मी टायरमधली हवा 35 पीएसआयवरून 18-20 वर आणतो, दगडात जरा जास्त ठेवतो, डांबरीवर चढायच्या आधी परत भरतो, म्हणून हवा भरायचा कंप्रेसर सोबत पाहिजेच. आणि गाडी ओढायला टो बॉलला, म्हणजे मागे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, दोरी अडकवू नका प्लीज, तो तुटला तर गोळीसारखा येतो.

सध्या भांडण फक्त डिकीच्या दाराच्या रबराशी आहे, बदललं, दाबून बसवलं, तरी प्रत्येक ट्रिपनंतर उशीच्या खोळीवर धुळीचा थर असतोच.