आर भाषेतलं बीक्वोट: मजकूर चिकटवण्यापेक्षा कितीतरी सरस

पेस्टने मजकूर चिकटवून आणि पार्सने त्याचा कोड करून काम भागवणाऱ्यांनी आरसोबतच येणारं बीक्वोट, म्हणजे मूल्यं भरून कोडची अभिव्यक्ती बनवणारं फंक्शन, वापरून पाहावंच. स्तंभाचं नाव अ‍ॅज-डॉट-नेमने चिन्हात बदला, टिंब-कंसात, म्हणजे .( ) मध्ये, ठेवा, मग तयार अभिव्यक्ती इव्हॅलने चालवा. नावात मोकळी जागा असली की पार्स अडखळतं. इथे काही बिघडत नाही. नाव चिन्हात बदलायचं राहिलं तर स्तंभाऐवजी नुसता मजकूर मिळतो, ही नवशिक्यांची हमखास चूक.

एलएम (रेषीय प्रतिमान बसवणारं फंक्शन) याच पद्धतीने चालवलं की निकालात छापल्या जाणाऱ्या कॉलमध्ये, म्हणजे फंक्शनला दिलेल्या आदेशात, चलाच्या नावाऐवजी खरं सूत्र छापलं जातं. अहवालासाठी हे फार मोलाचं! डेटाफ्रेम (माहितीचा तक्ता) मात्र टिंब-कंसात घालू नका, कॉलमध्ये अख्खी ओतली जाते. यादीतले घटक सुटे करून भरायला आरच्या आवृत्ती 4.0.0 पासून कंसाआधी दोन टिंबं द्या आणि बीक्वोटचा स्प्लाइस हा पर्याय ट्रू ठेवा. अभिव्यक्तीसोबत तिचं एन्व्हायर्नमेंटही (चलांची मूल्यं जिथे शोधली जातात ती जागा) न्यायचं असेल तर आरलँग या पॅकेजचं क्वोशरच घ्या, ते दोन्ही एकत्र बाळगतं.