बॅटरीच्या खुंट्या (टर्मिनल) घासायच्या की बॅटरीच बदलायची?

पावसात गाडी सकाळी नुसती ‘टक्’ करून गप्प बसते, म्हणून म्हापशाचा मावसभाऊ या पेचात आहे.

खर्चाचं उघड आहे: एकीकडे खाण्याचा सोडा, कोमट पाणी, जुना ब्रश, दुसरीकडे काही हजार रुपये. पण आधी मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले, तर बॅटरी भरलेली आहे. मग कुणाला तरी चावी फिरवायला सांगून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या खुंटीवर, दुसरं तिथल्याच केबलच्या क्लॅम्पवर धरा. अर्ध्या व्होल्टचा फरक आला की दोष खुंटीवर साचलेल्या हिरवट-पांढऱ्या भुकटीचा. जोडणी स्वच्छ असून स्टार्टर मारताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली कोसळली, तर ती थकली.

घासताना निगेटिव्ह केबल आधी काढा, शेवटी लावा. आपल्या दमट हवेत भुकटी परत येते. व्हॅसलिन लावलं तर उशिरा. लगेच आली, तर अल्टरनेटर (गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) जास्त चार्ज करतोय का ते बघाच.

बॅटरी दोन वर्षांची असेल तर घासणं पुरे. चार वर्षं उलटलेली, चार्ज न धरणारी, आणि पहाटे दाबोळीला विमान गाठायचं असेल, तर सरळ बदला.