स्वस्तातल्या नव्या .३०८ केसेस: काही महिन्यांच्या वापरानंतर

या केसेस म्हणजे रायफलच्या काडतुसाची रिकामी पितळी कवचं, काडतुसं स्वतः भरणाऱ्यांसाठी. पिशवीवर 'नव्या' लिहिलंय म्हणजे प्रायमर (पावडर पेटवणारी छोटी टोपी) बसवा, पावडर भरा, बुलेट दाबा, इतकं सोपं हवं असेल त्यांनी या केसेस घेऊ नयेत. पेटीत नीट मांडून येणाऱ्या महागड्या केसेस सोडून मी या घेतल्या, कारण पैसे वाचत होते. ते सगळे मनगटाने वसूल केले.

पिशवीत एकमेकींवर आपटून बऱ्याच केसेसची तोंडं लंबगोल झाली होती. त्याबद्दल तक्रार नाही. मँड्रेल (गोल पोलादी दांडा) एकदा आत घातला की नेक, म्हणजे केसचा तोंडाकडचा अरुंद गळा, गोल होते. शोल्डरजवळचा (नेकखालच्या उतारालगतचा) निळसर-तपकिरी पट्टा बघून माल परत पाठवू नका, तो अ‍ॅनिलिंगचा, म्हणजे पितळ तापवून मऊ केल्याचा आहे. लांबी कमाल २.०१५ इंच चालते, इथे सगळ्याच त्याच्या आत होत्या, म्हणून ट्रिमर कपाटातच ठेवला.

खरं भांडण फ्लॅश होलशी, म्हणजे प्रायमरची ज्योत पावडरपर्यंत नेणाऱ्या तळाच्या भोकाशी. भोक ड्रिलने पाडलेलं नाही, पंचने ठोकलंय, त्यामुळे आतल्या बाजूला 'बर' (धातूची उचललेली खरबरीत कड) उभी राहते. नेकमधून टॉर्च मारला तर कुठे नुसती कड, कुठे भोकावर झुकलेला अख्खा पापुद्रा. प्रायमरची ज्योत प्रत्येक केसमध्ये वेगळी पडणार, मग पावडर कितीही काट्यावर मोजा! विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "हे नॉर्मल आहे सर." असेल, मग पिशवीवर तसं छापा ना.

ही बर कापायचं डीबरिंग टूल वेगळं घ्यावं लागलं, बचतीतला एक लचका तिथेच गेला. दोन वळसे, थोडा पितळेचा कीस, पुढची केस. त्यात या टूलचा स्टॉप केसच्या तोंडावर टेकतो, म्हणजे लांबी कमीजास्त असली की कापही कमीजास्त. शेवटी ट्रिमर काढलाच. नव्या नेक आतून इतक्या कोरड्या की बुलेट बसताना खरखर हाताला जाणवते. तोंड आतून चॅम्फर करून (कड तिरकी कापून) कोरडं ग्रॅफाइट लावलं की थांबते.

तेव्हा दोन स्टार देणार होतो. पण पहिल्या फायरिंगनंतर केसेस माझ्या रायफलच्या चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) मापाच्या झाल्या आणि ग्रुप, म्हणजे निशाण्यावरच्या भोकांचे पुंजके, आवळले. पुन्हा पुन्हा भरूनही प्रायमर पॉकेट (प्रायमर बसतो ते खळगे) घट्ट आहेत, एकही नेक फाटलेली नाही. ती बर तर एकदाच काढायची असते. पितळ चांगलं आहे, हे मान्य.

तीन स्टार. चौथा त्या "नॉर्मल आहे सर"ने खाल्ला. पुढची पिशवी घेईन, पण भाव वाढवलेला नसेल तरच.