फोल्डस्कोप: वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी घ्यावा का?

बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं की सूक्ष्मदर्शक हाताशी येतो तो फक्त प्रॅक्टिकलच्या तासाला. सेक्शन, म्हणजे खोड-देठाचा पातळ काप, कापायचा हात मात्र रोज सराव केल्याशिवाय बसत नाही. घरी सरावासाठी आणि फिल्डवर नेण्यासाठी फोल्डस्कोप, म्हणजे कागदाचा घडीचा सूक्ष्मदर्शक, हे फार उपयोगी साधन आहे, पण त्याच्या मर्यादा माहीत करूनच घ्यावं.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनू प्रकाश यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेला हा घडीचा सूक्ष्मदर्शक २०१४ पासून गाजतो आहे. कागद पाण्याने न भिजणारा, भिंग म्हणजे काचेचा बारीक गोल मणी, विवर्धन १४० पट. विभागातल्या सूक्ष्मदर्शकाचं लो पॉवर १०० पट आणि हाय पॉवर ४५० पट धरलं, तर हा लो पॉवरच्या थोडा वर बसतो. साधारण दोन मायक्रॉनपर्यंतचा तपशील उलगडतो.

त्यामुळे सूर्यफुलाच्या खोडातलं व्हॅस्क्युलर बंडलांचं (पाणी आणि अन्न वाहणाऱ्या ऊतींच्या जुडग्यांचं) कडं, मक्यातली विखुरलेली बंडलं, ऱ्हिओच्या पानाची पर्णरंध्रं, जास्वंदीचे काटेरी परागकण, स्पायरोगायरा या शैवालातली हिरवी सर्पिल पट्टी, सगळं छान दिसतं. कांद्याच्या मुळाच्या टोकाचा स्क्वॅश (दाबून पसरवलेला नमुना) ठेवला तर गडद केंद्रकं दिसतात, पण मायटोसिसच्या (पेशीविभाजनाच्या) अवस्था जर्नलमध्ये काढता येतील इतक्या स्पष्ट नाहीत. मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू तर विसराच. त्यासाठी विभागातला सूक्ष्मदर्शकच हवा.

नवख्यांची पहिली तक्रार एकच असते: फोकस होत नाही. बहुतेक वेळा स्लाइड उलटी घातलेली असते. मण्याच्या भिंगासमोर नमुना अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास यावा लागतो आणि काचेची स्लाइडच एक मिलिमीटरहून जाड असते. म्हणून कव्हरस्लिपची बाजू भिंगाकडे हवीच. दुसरं कारण जाड सेक्शन. देठ बोटांत घट्ट धरा, ब्लेड आणि देठ दोन्ही पाण्याने ओले ठेवा, ब्लेड दाबू नका, आपल्याकडे तिरकं ओढा. अख्खा गोल सेक्शन मिळवायच्या नादी लागू नका. पाचरीसारखा उतरता तुकडा निघाला तरी त्याची पातळ कड कामाची असते. सॅफ्रनिन या लाल रंगात दोन-तीन मिनिटं, मग पाण्याने धुणं, मग ग्लिसरिनचा एकच थेंब. जास्तीचं पाणी टिपकागदाने काढलं नाही तर ते भिंगाला लागतं आणि पुढच्या सगळ्या स्लाइड धूसर दिसतात.

खरी गंमत आहे नेच्यांची. पावसाळ्यात जुन्या भिंतींवर टेरिस उगवतो. त्याच्या पानाच्या कडेखालच्या पिकलेल्या, तपकिरी बीजाणुधानी (बीजाणूंच्या पिशव्या) सुईने खरवडून स्लाइडवर घ्या, ग्लिसरिन घाला आणि लगेच बघा. ग्लिसरिन पाणी ओढून घेतं तसं जाड भिंतींच्या पेशींचं कडं, म्हणजे अॅन्युलस, मागे वळत जातं, बीजाणुधानी फाटते आणि एका क्षणी ते कडं झटक्यात परत मिटतं. पुस्तकातली अ‍ॅन्युलसची आकृती पाठ असली तरी हे डोळ्यांनी बघायलाच हवं.

मोबाइल जोडायचा तर सोबतची चुंबकाची चकती मुख्य कॅमेऱ्याच्या बरोबर मध्यावर चिकटवा. तीन-चार कॅमेऱ्यांचे फोन आपोआप दुसऱ्या भिंगावर जातात आणि चित्र गायब होतं, म्हणून मॅक्रोची स्वयंचलित सोय बंद ठेवा. पर्णरंध्र निर्देशांक काढायला असा फोटो पुरतो: एकाच क्षेत्रातली पर्णरंध्रं भागिले पर्णरंध्रं अधिक बाह्यत्वचेच्या इतर पेशी, गुणिले शंभर. मोजणी फक्त मधल्या भागाची करा. गोल भिंगामुळे कडेच्या पेशी पुसट आणि वाकलेल्या दिसतात. मायक्रॉनमध्ये मापं हवी असतील तर स्टेज मायक्रोमीटरचा (बारीक मोजपट्टी कोरलेल्या स्लाइडचा) फोटो त्याच झूमवर काढून ठेवा. झूम बदललं की मापं चुकली.

नुसत्या डोळ्याने बघताना पापण्या टेकतील इतकं जवळ धरावं लागतं. चष्मा काढूनच बघा. उजेडासाठी ट्यूबलाइट किंवा पांढरं आभाळ पुरे. सूर्याकडे कधीही रोखू नका.

कोकणातल्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते, तेव्हा सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पुसायला लेन्स पेपर वापरा. झायलीन हे द्रावक नको, भिंगाभोवतीचा भाग प्लॅस्टिकचा आहे.

विकत घेण्याआधी विभागात चौकशी करा. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने फोल्डस्कोपसाठी योजना राबवली होती, त्यातला एखादा कपाटात असू शकतो. घेणार असाल तर साध्या संचाऐवजी काचेच्या स्लाइड, कव्हरस्लिप आणि चिमटा असलेला संच घ्या. कागदी स्लाइडवर ओला सेक्शन नीट बसत नाही.