जुना क्रेल घ्यावा की नवा नॅड?

स्पीकर चालवणारा अॅम्प (अॅम्प्लिफायर) घ्यायचा आहे आणि बजेटात दोन्ही बसत असतील तर प्रश्न खरा आहे. एकीकडे क्रेल केएसए-50, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा, अमेरिकेतल्या डॅन आणि रॉन्डी डी'अॅगोस्टिनो यांच्या कंपनीच्या पहिल्या काही अॅम्पपैकी एक. दुसरीकडे 2020 मध्ये आलेला नॅड सी 298. त्यात प्युरिफाय या डॅनिश कंपनीचं 'आयगेनटाक्ट' तंत्र, म्हणजे क्लास डी: यात ट्रान्झिस्टर सतत वेगाने चालू-बंद होतात, म्हणून वीज फार कमी वाया जाते.

8 ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध) स्पीकरला क्रेल चॅनलमागे 50 वॅट देतो, नॅड 185. पण क्रेलचं नाव झालं ते वॅटवर नाही. अवघड, कमी ओहमचे स्पीकरही तो न दमता चालवतो, एवढा त्याचा पॉवर सप्लाय दणकट.

त्याची किंमत मोजावी लागते ती उष्णतेत. क्रेल शुद्ध क्लास ए आहे, म्हणजे त्याचे ट्रान्झिस्टर कायम पूर्ण चालू असतात, आणि अशा अॅम्पची कार्यक्षमता सिद्धांतानेही 50 टक्क्यांपुढे जात नाही. म्हणजे गाणं सुरू असो वा नसो, हा अॅम्प किमान 200 वॅट ओढत बसणार. रोज चार तास लावला तर महिन्याला 24 युनिट, आणि मे महिन्यात एसीचं बिल वेगळं! नॅड मात्र त्या मानाने खूपच कमी तापतो.

या उष्णतेनेच जुन्या अॅम्पचे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) सुकतात. तापमान 10 अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. त्यामुळे चाळीस वर्षं जुन्या क्रेलच्या भावात कपॅसिटर बदलण्याचा खर्च आधीच धरा. 'ओरिजिनल कंडिशन' ऐकून खूश होऊ नका. अशा अॅम्पच्या बाबतीत तो गुण नव्हे.

आवाजाचं म्हणाल तर सुरुवातीच्या क्लास डीवर टीका रास्त होती. स्पीकरच्या आधीचा आउटपुट फिल्टर फीडबॅकच्या, म्हणजे अॅम्प स्वतःची चूक मोजून सुधारतो त्या फेऱ्याच्या, बाहेर असायचा, म्हणून स्पीकर बदलला की ट्रेबलही (वरचे, तीव्र सूर) बदलायचा. आयगेनटाक्टमध्ये तो फीडबॅकच्या आत घेतला आहे. मोजमापात नॅड सरळ पुढे. कानाने ठरवायचं असेल तर आधी स्पीकरच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज मल्टिमीटरने मोजून दोघांचा आवाज समान करा, कारण किंचित मोठा वाजणारा नेहमीच 'जास्त खुला' वाटतो. माझं मत विचाराल तर एवढं केल्यावर उरणारा फरक स्पीकर आणि खोलीच्या फरकापुढे किरकोळच.

जुन्याची खरी बाजू दुरुस्तीत आहे. क्रेलमध्ये सुटे ट्रान्झिस्टर आणि मोठे, हाताला येणारे भाग. हौशी मंडळी त्याच्या नकला आजही घरी जुळवतात. नॅडचं मॉड्यूल गेलं की सहसा अख्खं बदलायचं. वीस वर्षांनी ते मिळेलच असं नाही. पण जुन्या सगळ्यांनाच हा फायदा नाही. सोनी, यामाहाचे सत्तरच्या दशकातले व्ही-फेट (एक खास प्रकारचा ट्रान्झिस्टर) वापरणारे अॅम्प सुंदर, पण ते फेट आता बनतच नाहीत. शिवाय बाजारात बनावट ट्रान्झिस्टरही भरपूर.

तेव्हा ओळखीचा, हात बसलेला कारागीर असेल तरच जुना घ्या. नसेल तर नॅड. जुना बघायला जाताना मल्टिमीटर सोबत न्या आणि मागचं लेबल वाचा: अमेरिकेतला 120 व्होल्टचा असतो, जपानमधला 100 चा, आणि आपल्याकडे थेट 230 ला लावला तर संपलाच. अॅम्प अर्धा तास तापू द्या, मग स्पीकर न जोडता, गाणं न लावता स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी (स्थिर व्होल्टेज, जे तिथे जवळजवळ शून्य हवं) मोजा. 50 मिलिव्होल्टच्या वर असेल तर भाव कमी करून मागा. व्होल्टात असेल तर नमस्कार करून निघा.